एकाच घरातली दोन मुले, दोन वेगळे उपचार

आमच्या एकत्र कुटुंबातल्या दोन मुलांना व्यसनाच्या उपचारांसाठी न्यावे लागले. आधी माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, तेव्हा तो नववीत होता. आणि त्यानंतर माझी मुलगी, अकरावीत असताना. दोघे एकाच घरात वाढले, एकाच शाळेत शिकले. तरीही त्यांचे व्यसन, ते उघडकीस येण्याची रीत, डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न आणि वाटेत आलेल्या अडचणी यांत इतके अंतर होते की, पहिल्या वेळी शिकलेले दुसऱ्या वेळी फारसे कामास आले नाही. आम्ही नाशिकचे. आमच्यासारख्याच एखाद्या घरावर अशी वेळ आली, तर काय काय विचारले जाते आणि काय मागून घ्यावे लागते, हे आधी ठाऊक असावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

पुतण्याची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडली. घराजवळच्या दुचाकी दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये तो संध्याकाळी मित्रांबरोबर बसत असे. तिथे रंगाचा थिनर आणि पंक्चरचे सोल्यूशन रुमालावर घेऊन हुंगण्याची सवय त्याला लागली. कपड्यांना येणारा वास, तोंडाभोवती उठलेले चट्टे, लाल डोळे, वहिनींच्या पर्समधून जाणारे पैसे, शाळेतली मारामारी आणि शेवटी मुख्याध्यापकांचा निरोप, असे सगळे दोन-तीन महिन्यांत झाले. मुलगा बिघडतो तेव्हा आवाज होतो, आणि आवाज झाला की घर, शाळा, गल्ली सगळे धावतात. कोणी रागाने धावते, कोणी काळजीने, पण धावते.

अडचण पुढे आली. ओळखीच्यांनी सुचवलेल्या एका खासगी व्यसनमुक्ती केंद्राला भावाने फोन केला, तेव्हा पलीकडून मुलाचे वय विचारण्याआधीच महिन्याचे पैसे सांगण्यात आले, आणि तो स्वतःहून येत नसेल तर रात्री गाडी पाठवून त्याला घरातून उचलून नेऊ, असे आश्वासनही मिळाले. तिथे सगळे रुग्ण दारू पिणारे प्रौढ पुरुष होते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला त्यांच्यात काही महिने ठेवल्याने तो थिनर सोडेल की आणखी चार गोष्टी शिकून येईल, हा प्रश्न माझ्या भावाला त्या फोनवरच पडला. त्याने तो नाद सोडला आणि मुलाला वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात नेले.

थिनरची सवय सोडवणारे असे कोणतेही औषध नाही, हे तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले. रक्ताच्या तपासण्या करून यकृत व मूत्रपिंडे पाहिली, हृदयाचा आलेख काढला. हुंगण्याच्या पदार्थांनी हृदयाची लय अचानक बिघडून मृत्यू येऊ शकतो आणि तो पहिल्या-दुसऱ्या वेळीही येऊ शकतो, हे ऐकल्यावर वहिनींनी तिथेच रडायला सुरुवात केली. नंतरच्या भेटींत एक निराळीच गोष्ट पुढे आली. लहानपणापासून तो एका जागी बसत नसे, वह्या हरवत असे, वर्गात मध्येच बोलत असे, आणि आम्ही त्याला द्वाड म्हणून सोडून देत होतो. डॉक्टरांनी शाळेच्या जुन्या प्रगतिपुस्तकांवरचे शेरे मागवून घेतले, घरच्यांना व शिक्षकांना प्रश्नावल्या भरायला दिल्या आणि एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता व एकाग्रतेची कमतरता, असे निदान केले. व्यसन करणाऱ्या मुलग्यांमध्ये हे अनेकदा सापडते, असे ते म्हणाले. त्यावर उपचार सुरू झाले, गॅरेजचा रस्ता बदलला, संध्याकाळी कबड्डीचे मैदान ठरले. गणपतीत मंडळाच्या मांडवामागे तो पुन्हा एकदा घसरला. डॉक्टर चिडले नाहीत. त्या दिवशी कोण होते, आधी काय झाले होते, किती वाजले होते, एवढेच त्यांनी त्याच्याकडून लिहून घेतले. त्याला दाखल करण्याची वेळ आली नाही.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या ‘एम्स’कडून करून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात हुंगण्याचे पदार्थ हा एकच गट असा आहे, की ज्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळले : १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के. या सवयीसाठी मदतीची गरज असलेली मुले देशात सुमारे ४ लाख ६० हजार असल्याचा अंदाज त्यात आहे. हे आकडे मला पुतण्याच्या वेळी डॉक्टरांकडून कळले, आणि मुलांचे व्यसन म्हणजे असे काहीतरी असते, असे चित्र मनात बसले. माझ्या मुलीचे व्यसन त्या चित्रात कुठेच बसत नव्हते.

तिची आई करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. त्यानंतर मुलगी शांत झाली. आल्यागेल्यांनी तिला समजूतदार म्हटले. ती स्वयंपाकात हात लावू लागली, आजीची औषधे वेळेवर देऊ लागली. गुण थोडे कमी झाले, पण अकरावीला सगळ्यांचेच होतात. दुपारी झोपत असे, तर थकली असेल असे वाटे. माझ्या आईला अनेक वर्षांपासून झोपेसाठी अल्प्राझोलामची गोळी सुरू होती, आणि त्या पट्ट्या आणण्याचे काम नातीकडेच होते.

ही गोष्ट लक्षात आली ती आमच्या कोपऱ्यावरच्या औषध दुकानदाराच्या. अल्प्राझोलाम हे ‘एच-१’ या अनुसूचीतले औषध आहे. २०१४ पासून लागू असलेल्या या नियमानुसार दुकानदाराला अशा औषधांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेले प्रमाण तिच्यात लिहायचे आणि ती तीन वर्षे जपायची. दुकानदाराचा मुलगा त्या नोंदी चाळत असताना माझ्या आईच्या नावापुढच्या पट्ट्या वाढत गेलेल्या त्याला दिसल्या. त्याने वडिलांना सांगितले, आणि ते दुकान बंद करून रात्री आमच्या घरी आले. “काका, आजींचा डोस वाढवलाय का डॉक्टरांनी?” असे त्यांनी उंबऱ्यातच विचारले. दुकानाच्या गल्ल्यापेक्षा नोंदवहीकडे लक्ष देणारा असा माणूस प्रत्येक गल्लीत असेलच असे नाही.

त्यानंतर आईने घाबरून औषधांचा डबा कपाटात बंद केला. कोणत्याही घरात हेच झाले असते, आणि हेच धोक्याचे होते. दोन-तीन दिवसांत मुलीचे हात थरथरू लागले, घाम फुटू लागला, रात्रभर डोळा लागेना, भिंतीवर काहीतरी सरकते असे ती म्हणू लागली. पुतण्या तिच्याकडे बघून म्हणाला, “मोठे काका, हिला टर्की लागलीय, डॉक्टरकडे न्या.” टर्की म्हणजे नशा अचानक थांबल्यावर होणारा त्रास. घरात हे ओळखणारा तो एकटाच होता. रिक्षातून नेत असतानाच तिला फिट आली. झोपेच्या आणि चिंतेवरच्या या गटातल्या गोळ्या बराच काळ घेतल्यावर एकदम थांबवल्या तर झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकते. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच कमी करायच्या असतात, हे मला तातडीच्या विभागात समजले. घरात कोणी या गोळ्या खात असल्याचे कळले, तर त्या हिसकावून घेण्याआधी डॉक्टर गाठावा, हे मी आता ओळखीच्या प्रत्येक घरात सांगतो.

तिला दाखल करावे लागणार होते, आणि इथून पुढची प्रक्रिया पुतण्याच्या वेळी आम्ही पाहिलेलीच नव्हती. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मद्य आणि मादक पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांनाही लागू होतो. त्याच्या कलम ८७ मध्ये अठरा वर्षांखालील रुग्णाला दाखल करण्याची वेगळी पद्धत आहे. अर्ज पालकाने करायचा. त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोन तज्ज्ञांनी, त्यांतला किमान एक मनोविकारतज्ज्ञ, मुलाला स्वतंत्रपणे तपासायचे. दाखल करण्याची खरोखर गरज आहे आणि घरी राहून हे उपचार होणार नाहीत, असे दोघांचेही मत पडले तरच दाखल करायचे. आमच्याकडे दुसरे डॉक्टर येईपर्यंत संध्याकाळ झाली. त्या वेळी मला हा कागदी घोळ वाटला होता. परंतु रात्री गाडी पाठवून उचलून नेणाऱ्या त्या केंद्राची आठवण झाली, तेव्हा या दोन स्वाक्षऱ्या कशासाठी मागतात ते उमगले.

याच कलमात आणखी एक अट आहे. मुलाजवळ पालक किंवा सोबती पूर्ण वेळ राहिला पाहिजे, आणि मुलगी असेल व तिचा पालक पुरुष असेल, तर त्याने एका स्त्री सोबतीची नेमणूक करायची, आणि तिने कोणत्याही परिस्थितीत मुलीजवळ राहायचे. नर्सबाईंनी मला विचारले, “बाई कोण आहे सोबत?” बायको नाही, आईला जिने चढवत नाहीत, वहिनींना त्यांच्या मुलाला एकटे सोडवत नाही. शेवटी माझी थोरली बहीण, मुलीची आत्या, स्वतःची शिकवणी बंद ठेवून मनमाडहून आली आणि शेवटपर्यंत राहिली. कायदा चांगला आहे. पण ज्या बापाला बहीण नाही, किंवा ज्याची बहीण रोजंदारीवर जाते, त्याने ही बाई आणायची कुठून, याचे उत्तर रुग्णालयात कोणाकडे नव्हते.

अल्पवयीन रुग्णाची राहण्याची सोय प्रौढांपासून वेगळी असावी, असेही कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्या रुग्णालयात एक पुरुषांचा वॉर्ड होता आणि एक स्त्रियांचा. स्त्रियांच्या वॉर्डात गंभीर मनोविकाराच्या रुग्ण होत्या, त्यांतल्या एक आजी रात्रभर कोणाला तरी हाका मारत. पहिल्या रात्रीनंतर ताईने कलम ८७ ची छापील प्रत विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाद घातला नाही, त्यांनाही हे ठाऊकच होते. सामान ठेवण्याची एक खोली रिकामी करून तिथे दोन खाटा टाकण्यात आल्या. अल्पवयीन रुग्ण दाखल झाल्याची माहिती ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावी लागते, आणि मुक्काम ३० दिवसांपलीकडे गेला तर मंडळाला फेरतपासणी करावीच लागते. मंडळाकडे पाठवलेल्या पत्राची प्रत मी मागून घेतली. ती पालकाने मागावी.

उपचार दोन पातळ्यांवर चालले. गोळ्यांच्या बाबतीत अल्प्राझोलामऐवजी त्याच गटातले, पण शरीरात जास्त काळ टिकणारे डायझेपाम देऊन त्याची मात्रा हळूहळू उतरवत नेली. हे काम रुग्णालयात सुरू झाले आणि घरी आल्यावर कित्येक आठवडे चालले. दुसरी पातळी बोलण्याची. समुपदेशक बाईंनी पहिल्याच दिवशी मला बाहेर बसायला सांगितले. मुलीला त्यांनी आधी काय सांगितले ते तिने मला नंतर सांगितले : तू जे बोलशील ते माझ्याजवळ राहील, वडिलांनाही कळणार नाही, मात्र तुझ्या जिवाला धोका असेल, तू दुसऱ्या कोणाला इजा करणार असशील, किंवा कोणी तुझ्यावर लैंगिक अत्याचार केला असेल, तर मला ते पुढे सांगावेच लागेल. यांतली शेवटची गोष्ट २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक केली आहे. हे आधीच सांगून टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटले. घर, अभ्यास, मैत्रिणी, खाणेपिणे, झोप, मोबाईल, प्रेमसंबंध, जीव नकोसा होणे, असे सगळे प्रश्न त्यांनी सरळ विचारले.

गर्भ चाचणीचा कागद आला तेव्हा ताई भडकली. “आमच्या पोरीला काय समजलात?” असे तिने निवासी डॉक्टर मुलीला सुनावले. ती डॉक्टर शांतपणे म्हणाली, “आत्या, औषधं पोटातल्या बाळाला बाधू शकतात, म्हणून वयात आलेल्या प्रत्येकीची करतो. संशय म्हणून नाही.” ताई गप्प झाली, पण तो कागद तिने माझ्या आईला दाखवला नाही. पुतण्याच्या बाबतीत असा कागद आला नव्हता, आणि त्याच्या चारित्र्याचा विचारही कोणाच्या मनात आला नव्हता.

मुलगी मजेसाठी किंवा मैत्रिणींच्या नादाने गोळ्या घेत नव्हती. आई गेल्यानंतर तिला रात्री धाप लागल्यासारखे होई, छाती धडधडे, आणि आजीची अर्धी गोळी घेतली की सकाळ होई. अर्ध्याची एक झाली, मग रात्रीबरोबर दुपारही आली. तिला नैराश्य होते, तेही बरेच आधीपासून. त्यासाठी वेगळे औषध सुरू झाले, आणि या औषधांच्या सुरुवातीच्या आठवड्यांत किशोरवयीनांच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून तिला एकटे सोडू नका, अशी ताकीद मिळाली. मुलग्यांत चंचलता आणि दंगा, मुलींत नैराश्य, चिंता किंवा जुना आघात, असे व्यसनाच्या जोडीला अधिक वेळा दिसते, असे डॉक्टरांनी सांगितले. पण लगेच पुस्तीही जोडली की दोन्हीकडे उलट उदाहरणे रोज येतात, त्यामुळे मुलगा आहे म्हणून नैराश्य तपासायचे नाही, असे करू नका. घरी आल्यावर पुतण्यालाही मी झोप कशी लागते ते विचारू लागलो. स्त्रियांमध्ये पहिल्या सेवनापासून अवलंबित्वापर्यंतचा प्रवास पुरुषांपेक्षा कमी काळात होतो, हेही त्यांच्याकडूनच कळले.

सगळ्यात निरुपयोगी ठरली ती गटचर्चा. आठवड्याला व्यसनी रुग्णांचा गट बसे, त्यात ती एकटी मुलगी. बाकीचे पुरुष बायकोशी झालेली भांडणे, गेलेली नोकरी, पगाराच्या दिवशीचा मोह यांवर बोलत. ती खाली मान घालून बसे आणि खोलीत येऊन म्हणे, “बाबा, यातलं माझं काहीच नाही.” समुपदेशक बाईंनी तिला त्या गटातून काढले आणि तिच्याबरोबर वैयक्तिक सत्रे वाढवली, त्यांत आईच्या जाण्याविषयी बोलणे बरेच होते. महाराष्ट्रात व्यसनमुक्ती म्हटले की १९८६ पासून पुण्यात चालणाऱ्या मुक्तांगणचे नाव आधी निघते, आणि तिथे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. पण प्रौढ स्त्रियांचा विभाग निराळा आणि सोळा वर्षांच्या मुलींचा गट निराळा. असा गट जमायला मुली यायला हव्यात, आणि मुली येत नाहीत.

त्या येत नाहीत म्हणजे त्या नाहीतच, असे मला वाटत नाही. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगासाठी ‘एम्स’ने केलेल्या २०१३ च्या पाहणीत व्यसन करणारी ४,०२४ मुले होती आणि त्यांत मुलींचे प्रमाण ४.२ टक्के होते. मुलींमध्ये दारू-गांजा-थिनर कमी आहे, हे खरेच असेल. परंतु आजीच्या डब्यातली गोळी घेऊन पलंगावर झोपणारी मुलगी रस्त्यावर, गॅरेजमध्ये किंवा पोलीस ठाण्यात कोणाला भेटणार? ती मोजली जाण्यासाठी आधी कोणीतरी तिला दवाखान्यात आणावे लागते. आणि आणले तरी काय सांगून आणतात, तेही मी पाहिले आहे. पुतण्याच्या वेळी आम्ही नातेवाइकांना सरळ सांगितले होते की पोरगा नादाला लागला आहे. मुलीच्या वेळी माझ्या आईने सगळ्यांना “रक्त कमी झालंय, सलाईन लावलंय” असे सांगितले. लग्नाच्या वेळी कोणी काढायला नको, एवढाच तिचा विचार होता. कनिष्ठ महाविद्यालयाने हजेरीसाठी प्रमाणपत्र मागितले आणि त्यावर आजाराचे नाव हवे असा आग्रह धरला, तेव्हा डॉक्टरांनी फक्त ‘वैद्यकीय उपचारांसाठी दाखल’ एवढेच लिहिले. रुग्णाची माहिती गुप्त राखणे हा मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि प्राचार्यांनी ते मान्य केले.

घरी आल्यावर डायझेपामच्या गोळ्या ताईने दिवसागणिक पुड्या बांधून वहिनींकडे दिल्या. आईची स्वतःची गोळीही तिच्या डॉक्टरांनी हळूहळू कमी केली. इतकी वर्षे ती कोणी तपासलीच नव्हती. बारावीच्या चाचणी परीक्षेच्या आदल्या रात्री मुलीने दुसऱ्या दिवसाची पुडीही घेऊन टाकली आणि सकाळी वहिनींना सांगितले. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी गोळी कमी करण्याचा वेग परीक्षा संपेपर्यंत थांबवला. आता ती गोळी बंद आहे, नैराश्याचे औषध चालू आहे. पुतण्या आणि ती दोघे एकाच दिवशी तपासणीला जातात, त्याची खोली तळमजल्यावर, तिची वरच्या मजल्यावर.

कुठे जावे हेच कळत नसेल, तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा १४४१६ आहे. टेलिमानसवर मराठीत बोलता येते. ताईने रात्री एकदा तिथे फोन करून झोपेविषयी विचारले होते. अठराखालील मुलांकडे थिनर किंवा गोळ्या कोणी मोठा माणूस पोहोचवत असल्याचा संशय असेल तर मुलांसाठीच्या मदतवाहिनीला १०९८ वर कळवता येते. मुलांना मादक पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सश्रम कारावासाची शिक्षा होऊ शकते.

रुग्णालयातली ती सामानाची खोली आम्ही निघालो त्या आठवड्यातच पुन्हा खोक्यांनी भरल्याचे ताईला कळले. अठरा वर्षांखालील मुलींसाठी ती कायम मोकळी ठेवावी आणि सोबतीला स्त्री नातेवाईक नसेल तर रुग्णालयाने परिचारिका नेमावी, असा अर्ज मी अधिष्ठात्यांच्या कार्यालयात आवक क्रमांक घेऊन दिला आहे. खोलीचा प्रस्ताव बांधकाम विभागाकडे गेल्याचे उत्तर आले. परिचारिकेविषयी अजून काही आलेले नाही, म्हणून त्या मुद्द्याचा स्मरणअर्ज ताईने तयार करून ठेवला आहे.